भोसरीतून ओंटारियोत वेल्डिंग शिकायला येऊ पाहणाऱ्यास

तुमचा प्रश्न असा आहे : आयटीआयचा वेल्डर ट्रेड झालेला, भोसरीत पंधरा वर्षे रॉडचे आणि सीओटूचे (वायूच्या आवरणातले) वेल्डिंग केलेले, आणि आता पत्नी व आठवीतल्या मुलाला घेऊन कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातील एखाद्या कॉलेजात वेल्डिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायला यावे की नाही. व्हिसा, फी आणि खात्यात दाखवायची रक्कम यांबद्दल सरकारी संकेतस्थळांवर लिहिलेले असते आणि ते वरचेवर बदलते, म्हणून त्यात मी शिरत नाही. मी २०१३ साली याच वाटेने हॅमिल्टनला आलो. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण तुम्ही मुलाचा उल्लेख केलात आणि ते लांबले.

कॉलेजात पहिले काही आठवडे तुमचा अपमान होतो आहे असे वाटेल. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या शिक्षकाने मला सपाट प्लेटवर सरळ बीड (वितळलेल्या धातूची रेघ) ओढायला लावले आणि मी, ज्याने टाक्यांचे तळ उताणे पडून जोडले होते, तो मनातल्या मनात शिव्या देत ते ओढत राहिलो. मापांची चिंता मात्र करू नका. कागदावर मिलिमीटर असले तरी शेडमध्ये सगळे इंचातच बोलतात, आणि एक अष्टमांश इंच म्हणजे आपले एक सूत. रॉडच्या खोक्यावर प्रकाराचा नंबर ७०१८ ऐवजी ४९१८ दिसला तर गोंधळू नका. ताकद तीच, फक्त दर चौरस इंचाला हजार पौंडांऐवजी मेगापास्कलांत मोजलेली.

त्याच रॉडने मला जमिनीवर आणले. भोसरीत आमच्याकडे ७०१८ चा पुडा फोडला की तो संपेपर्यंत बाकावर उघडा पडलेला असे, पावसाळ्यातही. इथे पुडा फोडल्यावर रॉड तापत्या ओव्हनमध्ये ठेवतात आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बाहेर राहिलेला रॉड वापरू देत नाहीत. ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बाजूच्या कडक झालेल्या पोलादात भेग पडते, हे मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी प्रथमच ऐकले. त्या संध्याकाळी बसमध्ये मी आधी केलेले जाड प्लेटचे जोड आठवत होतो. म्हणून कॉलेजात काही शिकायला मिळते का, याचे उत्तर ‘हो’ असे आहे : हात तुमच्याकडे आहेच, असे का करायचे ते तिथे कळते.

पण डिप्लोमा म्हणजे ट्रेडचा दाखला नव्हे, आणि हे प्रवेशाच्या वेळी मला कोणी नीट सांगितले नाही. त्या दाखल्यासाठी ओंटारियोत वेल्डरची अप्रेंटिसशिप सुमारे ६,००० तासांची असते; त्यांतले वर्गातले तास फक्त ७२०, बाकीचे मालकाकडच्या कामाचे. मालकाने नाव नोंदवल्याशिवाय ते तास सुरूच होत नाहीत. ओंटारियोत या दाखल्याविना वेल्डिंगचे काम करता येते, आल्बर्टा प्रांतात मात्र तो सक्तीचा आहे. आणि बांधकामाच्या पोलादावर काम करायचे तर स्वतंत्र चाचणी देऊन मिळवलेले तिकीट लागते, जे दर दोन वर्षांनी पुन्हा कमवावे लागते.

जुना अनुभव दाखवून थेट परीक्षेला बसण्याचीही सोय आहे. माझे तिथेच अडले. जुन्या मालकाच्या पत्रात कोणती प्रक्रिया, कोणती पोझिशन (सपाट, उभी की डोक्यावरची), किती तास, हे हवे होते. माझ्या जुन्या मालकांनी पाठवलेल्या पत्रात ‘सदर इसम आमचेकडे कामास होता, वर्तणूक चांगली’ एवढेच होते. दुसरे पत्र मागवले, तोवर त्यांनी शेड विकले होते. निम्मा पगार रोखीने मिळालेला, हजेरीपट कुठे गेला कोणास ठाऊक. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत अकरापैकी चारच वर्षे निघाली. सात वर्षे कागदावर घडलीच नाहीत, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

एकटेपणाबद्दल विचारले आहे. दहा तास हेल्मेटखाली काढल्यावर झोप लागते. एवढेच.

आता मुलाबद्दल. तेव्हा इथे नववीत ‘अकॅडमिक’ आणि ‘अप्लाइड’ असे दोन प्रवाह होते. पहिला युनिव्हर्सिटीकडे जाणारा, दुसरा कॉलेज आणि हातकामाकडे. २०२१ साली गणितात आणि २०२२ साली उरलेल्या विषयांत नववीपुरती ही विभागणी रद्द झाली, म्हणजे नववीत तरी तुमच्यावर ती वेळ येणार नाही. माझ्या मुलाला शाळेने न विचारता अप्लाइडमध्ये बसवले. त्याची इंग्रजी कच्ची आहे हे कारण दिले गेले, आणि तो हाताने फार छान काम करतो असे समुपदेशक बाई कौतुकाने म्हणाल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून भांडायला गेलो होतो. माझा मुलगा इंजिनिअर होणार आहे, असे मी ठणकावून सांगितले. तुम्ही काय करता, असे त्यांनी विचारले तेव्हा ‘वेल्डिंग शिकतो आहे’ हे सांगताना माझा आवाज खाली गेला.

शाळेने चूक केली असे मी आजही म्हणतो, कारण न विचारता बसवणे ही चूकच होती. पण मला राग कशाचा आला होता, हे लिहिताना मी टाळत आलो आहे. इथे हाताच्या कामाला मान आहे, असे मी पुण्यातल्या प्रत्येकाला फोनवर सांगत होतो आणि तेच काम मुलाच्या वाट्याला येते म्हणताच इस्त्रीचा शर्ट घालून धावलो. तो प्रवाह बदलून घेतला. मुलगा आज टोरांटोत विम्याच्या कार्यालयात आहे. शाळेतला मेटल शॉपचा तास त्याला आवडत होता का, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.

तुम्ही या, असे मी म्हणेन, पण मुलाला विचारून या. आणि मालकांचे पत्र याच आठवड्यात घ्या : लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, प्रक्रियेनुसार तास लिहिलेले. ते टाळू लागले तर मजकूर स्वतः टाइप करून न्या.