चहाची फ्रँचायझी खरंच 5 लाखात होते का?

नाही होत. मला पण हेच सांगितलं होतं, "सगळं मिळून पाच", आणि मी नाशिकला कॉलेजजवळ गाळा घेतला. कंपनीचं नाव नाही लिहीत.

फी होती 2 लाख. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे तिथेच 36 हजार वर. आता हा जीएसटी पुढे सेटऑफ मिळेल, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजा होईल, असं मला वाटलेलं, पण आमची उलाढाल 20 लाखांच्या आत, जीएसटी नंबरच नाही, त्यामुळे गेले ते गेले. बरं नंबर काढला असता तरी हॉटेलवाल्यांच्या 5 टक्के जीएसटीत इनपुट क्रेडिट (म्हणजे हीच वजावट) नसतंच, सीएने हे नंतर सांगितलं (आधी विचारलंच नव्हतं म्हणा). गाळ्याचं भाडं 25 हजार, डिपॉझिट सहा महिन्यांचं दीड लाख, एजंटला एक भाडं. फर्निचर कंपनीच्याच माणसाकडून करायचं अशी अट, ते 4 लाख 10 हजार. तेच काम आमच्या ओळखीचा सुतार निम्म्यात करत होता! फ्रीज, शेगड्या, भांडी सव्वा लाखाच्या आसपास, पहिला माल 50 हजार. झाले ना दहा लाख? शॉप ॲक्ट, फूड लायसन यांचा खर्च त्यामानाने किरकोळ, त्याचं टेन्शन घेऊ नका.

खरी गंमत पुढे आहे. पावडर-मसाला कंपनीकडूनच घ्यायचा, रेट तेच ठरवणार. 12 रुपयांच्या कपात दूध, साखर, पावडर, कप जाऊन माझ्या हातात 6 रुपये उरायचे, आणि भाडं, दोन पोरांचे पगार, लाईट, निळा (कमर्शियल) सिलेंडर मिळून महिन्याला 71 हजार, म्हणजे रोज जवळजवळ 400 कप गेले तर कुठे बरोबरी, माझा पगार त्यात धरलेलाच नाही. आमचे जायचे 270, मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली की 150. शेजारचा टपरीवाला आरामात कमवत होता, त्याला ना फी ना फर्निचर.

त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तरच हात घाला, आणि कंपनी दाखवेल ते दुकान सोडून दुसऱ्याच एखाद्या शाखेसमोर दिवसभर बसून कप मोजा, कंटाळा येईल पण मोजा. जागा तुमची स्वतःची असेल तर महिन्याच्या खर्चातून भाड्याचे 25 हजार वजा करून गणित परत मांडा.