झाकणावरचा १९४८ : इसवी सन की संवत?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमच्या जुन्या घरात जमिनीवर बसून लिहिण्याचे, उतरत्या झाकणाचे सागवानी डेस्क आहे. झाकणाच्या आतल्या बाजूस देवनागरीत ‘१९४८’ असा आकडा कोरलेला असल्यामुळे स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी आजोबांनी ते करवून घेतले असावे, असे वडील म्हणतात. आत्याबाईंच्या मते मात्र, पणजोबांनी ज्या मारवाडी सावकाराकडून हे घर घेतले, त्याच्याच गादीवरचे हे डेस्क आहे. कुलपावर मुकुट आणि ‘व्ही आर’ ही इंग्रजी अक्षरे आहेत. खालच्या दोन खणांपैकी उजव्या खणाचा तळ चहाच्या खोक्याच्या प्लायवुडचा आहे. वडील शाळेत असताना, १९५५ च्या सुमारास, गावच्या सुताराने तो बसवला आणि त्याच वेळी त्या खणाखालची एक पट्टीही बदलली, हे वडिलांना स्पष्ट आठवते. डेस्क नेमके केव्हाचे असावे? एका कारागिराने ते घासून मेलामाइन पॉलिश करण्याचे सुचवले आहे. तसे करावे का? छायाचित्रे सोबत जोडली आहेत.
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : आपण झाकणाबरोबरच खणांच्या खालच्या बाजूची आणि कुलपाच्या खाचेची छायाचित्रे पाठवलीत, हे फार चांगले केले. जुन्या लाकडी वस्तूचे वय दर्शनी बाजूपेक्षा न दिसणाऱ्या बाजूंवरून अधिक खात्रीने कळते, कारण तेथे कोणी पॉलिश करत नाही आणि सुताराच्या हत्याराच्या खुणा तशाच राहतात.

प्रथम आकड्याविषयी. नुसत्या आकड्यावरून कालगणना ठरत नाही. आपल्या भागात एकाच काळात एकाहून अधिक गणना चालत असत : घरच्या धार्मिक कार्यात शके, महसुली कागदांत फसली, मारवाडी पेढ्यांच्या वह्यांत विक्रम संवत आणि सरकारी पत्रव्यवहारात इसवी सन. शके असेल तर ७८ मिळवावेत, दख्खनी फसली असेल तर ५९० मिळवावेत आणि संवत असेल तर ५७ वजा करावेत, म्हणजे इसवी सन जवळपास मिळतो. त्या हिशेबाने संवत १९४८ म्हणजे १८९१-९२. वडिलांचे आणि आत्याबाईंचे म्हणणे एकाच आकड्यावर उभे आहे आणि दोन्हींत ५६-५७ वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे निर्णय आकड्यावर न सोपवता डेस्कच्या बांधणीवर सोपवावा लागतो.

बांधणी पाहताना एक नियम कायम लक्षात ठेवावा. जुनी रीत कितीही वर्षे पुढे चालू राहू शकते, पण नवी वस्तू तिच्या काळाआधी येऊ शकत नाही. आपल्या डेस्कच्या मागच्या फळीवर करवतीच्या तिरप्या, कमी-जास्त अंतराच्या सरळ रेघा दिसतात. म्हणजे ती फळी दोन माणसांनी हाताने कापलेली आहे, कारण यंत्राच्या गोल करवतीने कमानीसारख्या रेघा उमटल्या असत्या. खणांचे डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे एकमेकांत अडकणारे, सांधे एकसारखे नाहीत आणि आखणीची रेघ अजून दिसते. हे सारे हातकामाचे निदर्शक असले, तरी खेड्यातला सुतार १९४८ मध्येही असेच काम करत होता, म्हणून या खुणा आत्याबाईंच्या बाजूने पुरेशा नाहीत. बिजागरीचे स्क्रू टोकदार आहेत. असे यंत्राने केलेले टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाले, त्यामुळे डेस्क त्याआधीचे नाही एवढेच त्यातून कळते.

प्लायवुडच्या तळामुळे गोंधळून जाण्याचे कारण नाही. त्या खणाच्या बाजूच्या फळ्यांना आतून खाच आहे आणि ती रिकामी आहे. प्लायवुड तिच्यात न बसवता खालून तारेच्या चुकांनी ठोकले आहे. डाव्या खणात मात्र त्याच खाचेत कडा निमुळत्या केलेली अखंड फळी बसलेली आहे. म्हणजे प्लायवुड दुरुस्तीचे आहे आणि वडिलांची आठवण बिनचूक आहे.

याच दुरुस्तीत माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा आहे. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो, त्यांपैकी १९५५ च्या सुमारास बदललेल्या पट्टीवर आज जेमतेम एक गुळगुळीत रेघ पडली आहे. तिच्याच समोरची मूळ पट्टी मात्र इतकी झिजली आहे की तिच्यात करंगळी मावेल असा चर पडला आहे, आणि खणाच्या बाजूच्या फळीची खालची कड त्याच मापाने खाली गेली आहे. दुरुस्तीनंतर दोन्ही पट्ट्यांवर एकच खण, सारख्याच वेळा सरकला. तेव्हा नव्या पट्टीवर दिसते तेवढीच झीज गेल्या सुमारे ७० वर्षांची असून बाकीचा सगळा चर दुरुस्तीपूर्वीचा आहे. डेस्क १९४८ मध्ये झाले असते, तर सागवानासारख्या लाकडात तो सहा-सात वर्षांत पडला असे मानावे लागेल, आणि ते मला अशक्य वाटते. रोज अनेकदा उघडणारा, नाण्यांनी जड झालेला पेढीचा खण काही दशके वापरात असला, तरच अशी झीज होते.

कुलूप याला दुजोरा देते. ‘व्ही आर’ ही राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे असून तिची कारकीर्द १९०१ मध्ये संपली. जुने कुलूप काढून दुसऱ्या वस्तूला लावण्याची पद्धत असल्यामुळे एकट्या कुलपावर विसंबू नये. पण आपल्याकडे खाच कुलपाच्या मापाची आहे, शेजारी बुजवलेली छिद्रे नाहीत आणि कुलपाखालचे लाकूड आजूबाजूपेक्षा उजळ आहे, म्हणजे कुलूप मूळचेच दिसते. हे सर्व ताडून पाहता आकडा विक्रम संवताचा असून डेस्क १८९१-९२ चे, म्हणजे सुमारे १३० वर्षांहून अधिक जुने आहे, असे माझे मत आहे. घराचे खरेदीखत उपलब्ध असेल, तर सावकाराच्या व्यवहाराचा काळही त्याच्याशी पडताळून पाहावा.

त्या काळाशीही हे जुळते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर वऱ्हाडातील कापसाचा व्यापार झपाट्याने वाढला आणि गावोगावी पेढ्या उभ्या राहिल्या. दारव्ह्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रेल्वे विसाव्या शतकातली, म्हणून १८९१ मध्ये एवढी जड वस्तू दुरून आणण्यापेक्षा जवळच्याच सुताराने केली असण्याचा संभव अधिक आहे. पितळी सामान आणि कुलूप तेवढे बाजारातून आले असावे.

पॉलिशबाबत माझा स्पष्ट सल्ला असा की ते घासू देऊ नये. झाकणाच्या खालच्या कडेला मनगट टेकून पडलेली खळगी, शाईचे डाग आणि कोरीव आकड्यात बसलेली काळी मळी पॉलिश पेपरने एका दुपारीत नाहीशी होईल, आणि मग वर मांडलेल्या पुराव्यांपैकी बरेच पुन्हा दाखवता येणार नाहीत. मऊ ब्रशने धूळ काढावी. ओल्या फडक्याने किंवा सोड्याच्या पाण्याने पुसू नये, पितळ चिंच-मिठाने उजळवू नये. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावा; लेप मऊ होऊन बोटाला चिकटला तर तो चपडीचा, म्हणजे लाखेचा आहे, आणि त्यावर जाणत्या माणसाकडून चपडीचाच पातळ हात फिरवून घेता येईल. प्लायवुडचा तळही राहू द्यावा.

जुन्या वस्तू विकत घेणारे दारावर आले, तर एक गोष्ट माहीत असू द्यावी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी अशी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. डेस्क भिंतीपासून चार बोटे दूर, विटांवर ठेवावे आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ते उचलून खाली वाळवीची माती किंवा लाकडाचा भुगा पडलेला नाही ना, हे पाहावे.