पॉवर कॉर्ड मेजर की मायनर?

गिटारवरच्या पॉवर कॉर्डमध्ये दोनच स्वर असतात तर तिला कॉर्ड (म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह) का म्हणायचे आणि ती मेजर समजायची की मायनर, असे आपण विचारले आहे. काटेकोरपणे पाहता ती कॉर्ड नाहीच, कारण कॉर्डला किमान तीन वेगवेगळे स्वर लागतात आणि इथे असतात फक्त षड्ज आणि पंचम. वरचा षड्ज जोडला तरी तो नवा स्वर ठरत नाही. मेजर-मायनर ज्यावरून ठरते (शुद्ध असला तर मेजर, कोमल असला तर मायनर) तो गंधारच गाळलेला असल्यामुळे ती दोन्हींपैकी कोणतीच नाही. म्हणून ए हा षड्ज असलेल्या पॉवर कॉर्डला नुसते ‘ए ५’ असे लिहितात; ५ म्हणजे पंचम.

मला हे गिटारच्या आधी तानपुऱ्यावरून उमगले होते. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आई सकाळी प-सा-सा-सा असा तानपुरा लावून बसे आणि त्याच सुरांवर एक दिवस शुद्ध गंधाराचा अल्हैया बिलावल, तर दुसऱ्या दिवशी कोमल गंधाराचा जौनपुरी गात असे. गंधार शुद्ध की कोमल, हे गळा ठरवत असे, तानपुरा नाही.

तरीही गंधार मुद्दाम का गाळायचा, याचे खरे कारण डिस्टॉर्शन, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणे, हे आहे. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही उमटतात. चौथ्या तारेवर सातवा फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरची सातवी पट्टी (ए, इथला षड्ज, २२० हर्ट्झ), आणि दुसऱ्या तारेवर पाचवा (ई, पंचम, सुमारे ३३०) दाबून, तिसरी तार बोट नुसते टेकवून बंद ठेवा. वजाबाकी ११० येते, म्हणजे खालचा षड्जच, आणि त्यामुळेच हा आवाज एवढा भरदार वाटतो. आता तिसऱ्या तारेचा सहावा फ्रेट (सी शार्प, गंधार, सुमारे २७७) नीट दाबा. शेजारच्या स्वरांच्या वजाबाक्या ५७ आणि ५२ च्या आसपास येतात. गंधार शुद्ध प्रमाणात असता तर दोन्ही ५५ आल्या असत्या, पण गिटारच्या फ्रेटवरचा गंधार किंचित चढा असल्यामुळे त्या एकमेकींशी भांडतात आणि आवाज घरघरतो. डिस्टॉर्शन बंद केल्यावर हीच कॉर्ड गोड लागते.

गंमत म्हणजे २२० आणि ३३० यांची बेरीज ५५० होते आणि तो शुद्ध गंधारच आहे, तानपुऱ्यात न छेडता आपोआप ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारासारखा. त्यामुळे भरपूर डिस्टॉर्शन दिल्यावर पॉवर कॉर्ड माझ्या कानाला किंचित मेजरकडे झुकलेली वाटते; मात्र गायकाने कोमल गंधार लावला की ती मुकाट्याने मायनरची साथ करते.