आधी कॉलेज ठरव, मग क्रेडिट्स गोळा कर

अगं, होमस्कूल करता करताच १८ व्या वर्षापर्यंत कॉलेजची डिग्री घ्यायची, असा तुझा तो लांबलचक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचला आणि सोबतची एक्सेल शीट पण उघडून बघितली. क्लेपच्या, म्हणजे वर्गात न बसता कॉलेजचे क्रेडिट्स (डिग्रीसाठी मोजली जाणारी एककं) मिळवायच्या परीक्षांची यादी, पुढे तारीख, पुढे क्रेडिट्स, खाली बेरीज. बेरीज झकास आहे, पण ते क्रेडिट्स जमा कुठे होणार हा कॉलमच नाहीये गं त्यात! क्लेपचं असं आहे की परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड तुला फक्त स्कोअर देतं, क्रेडिट द्यायचं की नाही हे प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं, म्हणजे एक ५० स्कोअरला देतं, दुसरं त्याच विषयाला जास्त मागतं आणि तिसरं क्लेपला विचारतच नाही. म्हणून डिग्री कोणाची घ्यायची ते आधी, परीक्षा नंतर.

न्यूजर्सीत राहून तुझ्यापुढे स्वस्तातले दोन रस्ते आहेत. एक आपल्या ट्रेंटनचं थॉमस एडिसन स्टेट. १२० क्रेडिट्सची डिग्री आणि त्यातले बरेचसे बाहेरून आणलेले चालतात, कनेटिकटचं चार्टर ओक पण साधारण तसंच. मुळात नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी निघालेली कॉलेजेस ही, त्यामुळे १८ च्या आतल्यांना घेतात का, आईने दिलेला होमस्कूलचा डिप्लोमा चालतो का, हे अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेलवर विचार, फोनवर नको, उत्तर लेखी हवं.

दुसरा रस्ता काउंटी कॉलेजचा, म्हणजे जिल्ह्याच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा, आणि खरं सांगू का, तुझ्यासाठी मला हाच बरा वाटतो. २००७ चा लॅम्पिट कायदा आहे, त्यामुळे इथल्या काउंटी कॉलेजातून एए किंवा एएस (दोन वर्षांची असोसिएट डिग्री) केलं की सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात ते अख्खं धरलं जातं, निम्मी डिग्री तिथेच झाली. अ‍ॅडमिशन मिळेलच असं नाही हं, ती तुझी तुलाच मिळवायची. आणि एएएस नावाचं तिसरं प्रकरण असतं, ते यात येत नाही, एका ‘ए’ने घोळ होतो. शिवाय जनरल एज्युकेशनचे (सगळ्यांना लागणाऱ्या सर्वसाधारण विषयांचे) ३० कॉलेज क्रेडिट्स दाखवून राज्याकडून हायस्कूलचा डिप्लोमा पण घेता येतो, म्हणजे घरच्या डिप्लोमावर कोणी नाक मुरडायचा प्रश्नच मिटला.

आता तू लिहिलंयस की कधी सायकॉलॉजी वाटतं, कधी मेडिकल. मेडिकल डोक्यात जराही असेल तर बायोलॉजी-केमिस्ट्री क्लेपने उरकू नकोस, मेडिकल स्कूलांना ते वर्गात बसून, लॅब करून झालेलं हवं असतं. आणि काउंटी कॉलेजात पंधराव्या वर्षी मिळालेली ‘सी’ ग्रेड पण कायमची, पुढे मेडिकलचा फॉर्म भरताना ती दाखवावीच लागते, ‘तेव्हा मी लहान होते’ कोणी ऐकत नाही. क्लेपचं एक बरं, नापास झालीस तरी जीपीएला (ग्रेडच्या सरासरीला) धक्का नाही, तीन महिने थांबायचं आणि परत द्यायची. तेव्हा पहिल्या सेमिस्टरला एकच कोर्स घे, इंग्लिश कॉम्पोझिशन, झेपतंय का बघ.

पैशांचं म्हणशील तर मॉडर्न स्टेट्स नावाच्या वेबसाइटवर फुकट कोर्स पूर्ण केला की क्लेपच्या फीचं व्हाउचर मिळतं, परीक्षा सेंटरवाले वेगळी फी घेतात ती किती ते आधी विचारून ठेव. तुझं स्पॅनिश चांगलंय ना, मग सुरुवात त्यानेच कर, एका परीक्षेला साधारण ६ क्रेडिट्स आणि ६३ किंवा जास्त स्कोअर आला तर ९ पर्यंत, अर्थात तुझं कॉलेज मानत असेल तरच.

आणि ज्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस ते म्हणजे व्हिसा. बाबांची ग्रीन कार्डची फाईल अजून लायनीत आहे, तू एच-फोरवर, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या व्हिसावर. फेडरल एड (शिक्षणासाठी केंद्र सरकारची मदत) तुला नाही, म्हणून स्वस्ताचं महत्त्व तुमच्या घरात जास्तच. २१ झाल्यावर एच-फोर संपतो. आता घाईघाईत १८ व्या वर्षी ऑनलाइन डिग्री घेऊन बसलीस तर पुढे काय? एच-फोरवर ओपीटी (शिक्षणानंतर काही काळ नोकरीची परवानगी) मिळत नाही, त्याला एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा लागतो आणि पूर्ण ऑनलाइन कोर्सवर एफ-वन मिळत नाही, म्हणजे हातात डिग्री आणि नोकरी करता येत नाही. काउंटी कॉलेज करून, मग मोठ्या कॉलेजात जाऊन तिथे वेळेत एफ-वनवर गेलीस तर निदान ते दार उघडं राहतं. कधी बदलायचं हे बाबांना त्यांच्या इमिग्रेशन वकिलाला विचारायला सांग, माझ्या भरवशावर नको. माझं मत विचारशील तर १८ चा हट्ट सोड, २० ला झाली तरी मैत्रिणींच्या दोन वर्षं पुढेच असशील आणि कर्ज नसेल.

शीटमध्ये तीन कॉलम वाढव: कॉलेज कोणतं, त्यांचा किमान स्कोअर किती, आणि ते क्रेडिट डिग्रीत नक्की कशाच्या जागी बसतं, मेजर (मुख्य विषय), जनरल एज्युकेशन की नुसतं इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय). इलेक्टिव्हची जागा चटकन भरते गं, नंतर आलेले क्रेडिट्स पडून राहतात. आईला म्हणावं नववीपासूनचं ट्रान्सक्रिप्ट आत्ताच टाईप करायला घे, विषय, पुस्तकं, मार्क सगळं, ऐन वेळी आठवत नाही. शीट भरून झाली की पाठव, मग शनिवारी फोनवर बोलू.