सूक्ष्मदर्शकाला न दिसलेला जंतू

प्रश्न : वडिलांना महिनाभर खोकला होता. काचपट्टीवरच्या थुंकी तपासणीत क्षयरोगाचे जंतू आढळले नाहीत, सीबीनॅट तपासणीत मात्र आढळले. औषधे सुरू होऊन पाच महिने झाले; खोकला थांबला असून ते पुन्हा कपाशीच्या शेतात जाऊ लागले आहेत. आता ‘सीबीनॅट पुन्हा करा, जंतू निघाले नाहीत तर औषधे बंद करा,’ असे नातेवाईक सुचवतात. तसे करावे काय?
– एक वाचक, चोपडा, जि. जळगाव

उत्तर : करू नये. त्याचे कारण या तपासणीच्या पद्धतीतच आहे.

काचपट्टीवर रंगवलेल्या बेडक्यात जंतू नजरेस पडायचा, तर एका मिलिलिटरमध्ये ते साधारण ५,००० ते १०,००० तरी असावे लागतात. त्याहून कमी असले, की तंत्रज्ञ कितीही अनुभवी असला तरी ते हुकू शकतात. सीबीनॅटला सुमारे १३० जंतू पुरतात, कारण ती जंतू पाहतच नाही, तर त्याच्या डीएनएचा ठरावीक तुकडा हेरून त्याच्या प्रती काढत जाते. एकाचे दोन, दोनाचे चार, असे तीस वेळा झाले, की हिशेबाने एका तुकड्याचे १०७ कोटी होतात. बेडक्यात दुप्पट द्रावण मिसळून तो पंधरा मिनिटांत पातळ झाला, की कार्ट्रिजमध्ये भरतात. पुढचे सारे यंत्र करते आणि दोन तासांच्या आत उत्तर देते. म्हणजे वडिलांच्या दोन अहवालांत विसंगती नाही. जंतू थोडे होते, एवढाच त्याचा अर्थ.

हा तुकडा निवडलाही विचारपूर्वक आहे. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध निकामी करणारे बहुतेक बदल जंतूच्या एकाच जनुकातील ८१ अक्षरांच्या पट्ट्यात होतात, आणि तपासणी नेमका तोच पट्टा वाचते. म्हणून अहवालात रिफाम्पिसिनविषयीची आणखी एक ओळ असते. घाईत तिच्याकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये.

आता तुमचा मुद्दा. घड उतरवल्यावर केळीचा कापलेला खांब बागेत बरेच दिवस पडून असतो; तो दिसला म्हणून बाग उभी आहे, असे कोणी म्हणत नाही. औषधाने मेलेल्या जंतूंचा डीएनएही असाच बेडक्यात मागे राहतो आणि यंत्राला जिवंत-मेलेल्यातला फरक कळत नाही. त्यामुळे बरा होत आलेला रुग्णही ‘जंतू आढळले’ असा अहवाल पाहून हबकतो. उलट, ‘आढळले नाहीत’ असा अहवाल आला तरी औषधे थांबवण्याचा तो परवाना नव्हे. फुप्फुसात दडून बसलेले मोजके जंतू बेडक्यात उतरतीलच असे नाही, आणि नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा ठरला आहे तो त्यांच्यासाठीच.

उपचाराचा परिणाम पाहण्यासाठी जुनी काचपट्टी, आणि गरज भासल्यास जंतू वाढवून पाहणारे कल्चर, हेच उपयोगाचे. कल्चरला कित्येक आठवडे लागतात, पण तिथे वाढतो तो जिवंत जंतूच. वडिलांचा सहावा महिना पूर्ण होताना डॉक्टर बेडका मागतील, तेव्हा तो सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला असावा. डबीत नुसती लाळ गेली, तर कोणतीही तपासणी फसते.