नाकातील नळी घसरली तर

प्रश्न : अर्धांगवायूनंतर सासऱ्यांना गिळता येत नसल्याने गेले पाच आठवडे नाकातील नळीने अन्न देत आहोत. आता ठसक्याची भीती नाही, असे शेजारी सांगतात. परवा शिंकेसरशी नळी बोटभर बाहेर आली, ती आम्हीच आत सारली. नळीतून पेज दिलेली चालेल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : पेजेआधी नळीचे पाहू. एव्हाना तपासून घेतली नसेल, तर तिच्यातून पाण्याचा थेंबही न देता आजच सासऱ्यांना जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. बाहेर सरकलेली नळी आत ढकलली की तिचे टोक घशात गुंडाळले जाऊ शकते किंवा श्वासनलिकेत शिरू शकते, आणि अर्धांगवायूने घशाची जाणीव मंदावलेल्या माणसाला अशा वेळी खोकला येईलच असे नाही. सिरिंजने हवा सोडून पोटातला आवाज ऐकण्याच्या जुन्या पद्धतीवर विसंबू नये, कारण टोक फुफ्फुसात असले तरी तसाच आवाज येऊ शकतो. सिरिंजने ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा कमी तितके आम्ल जास्त) ५.५ किंवा त्याहून कमी भरला, तर नळी जठरात असल्याचा भरवसा धरता येतो. शंका उरल्यास एक्स-रे काढतात. नळी नीट बसल्यावर नाकपुडीशी कितवा सेंटिमीटर येतो ते लिहून ठेवा आणि दर वेळी अन्न देण्याआधी ती खूण पाहा.

शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. लाळ आणि पोटातून उलट वर येणारे अन्न नळी असतानाही फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून अन्न देताना व त्यानंतर तासभर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच असावी. एक उशी मानेखाली सरकवल्याने केवळ मान वाकते, तेव्हा पाठीपासून उंची द्यावी. तोंडाने खात नसले तरी दात व जीभ रोज स्वच्छ करावी.

गाळलेली पातळ पेज चालते, पण केवळ तिच्यावर माणूस खंगतो; प्रथिनांसाठी आहारतज्ज्ञांकडून प्रमाण ठरवून घ्या. सिरिंजचा दट्ट्या न दाबता अन्न आपल्या वजनाने उतरू द्या आणि आधी व नंतर साधारण ३० मिलिलिटर पाणी सोडा, म्हणजे शिते अडकणार नाहीत. गोळ्या मात्र विचारल्याशिवाय कुटू नयेत, कारण काही गोळ्यांचे वेष्टन मोडले की त्यांचा परिणामच बदलतो.

अन्न देताना धाप लागली, ओठ निळे पडले किंवा आवाज घोगरा झाला, तर तत्काळ थांबून १०८ ला फोन करावा. पाच आठवडे उलटले असल्याने, थेट जठरात बसवायच्या नळीविषयीही याच भेटीत डॉक्टरांना विचारा.