वाचकांचे प्रश्न: पोळ्याची झडती आणि तिच्यातलं हसू

प्रश्न : यंदा पोळ्याला तोरणाखाली झडती (बैल जमले की म्हणतात ते यमकाचं छोटं कवन) म्हणायची आहे. मागे आमच्या गावात एकाचं नाव घेऊन झडती झाली अन् बैल घरी जायच्या आधी भांडण पेटलं. हसू येईल, पण वैर होणार नाही अशी झडती कशी जुळवावी?
(एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा)

उत्तर : चार ओळी पुरतात, फार तर सहा. त्याहून लांबली की म्हणणाऱ्याचा दम जातो आणि मागचे लोक बोलायला लागतात. विषय असा घ्या की आखरावरच्या, म्हणजे बैल जमतात त्या मोकळ्या जागेवरच्या, प्रत्येकाच्या घरात तो घडलेला असावा: खत, कपाशीचा भाव, रात्रीची लाईन (पिकाला पाणी द्यायला, म्हणजे ओलिताला, येणारी वीज). शेवटचा शब्द आधी शोधा, मग उलटं मागे येत यमक जुळवा. नमुना पाहा :

लाईन आली, वाजले दोन,
थंडीत ओलीत करते कोन?
बैल निजला, धनी उभा,
सांगा गड्याहो, बैल कोन?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

इथे कोणाचंच नाव नाही. टोला म्हणणाऱ्याने स्वतःवर घेतला आहे, पण रात्री दोनला वीज देणाऱ्या व्यवस्थेला तो बरोबर लागतो. तिसऱ्या ओळीत यमक मुद्दाम सोडलं आहे. कान तिथे अडतो आणि चौथ्या ओळीची वाट पाहतो. ‘बैल कोन’ हे शब्द तिसऱ्या ओळीत आले असते आणि चौथी समजावण्यात गेली असती, तर कोणी हसलं नसतं.

म्हणायच्या आधी डफडं थांबवायला सांगा. हसू फुटलं की ते ओसरू द्या, मगच नमन उचला. घाई केली तर ‘हर बोला’ला साथ मिळत नाही. जात, व्यंग, कोणाच्या घरची बाई आणि कोणाच्या डोक्यावरचं कर्ज या चार गोष्टींना हात लावायचा नाही. सरपंच, पुढारी, व्यापारी यांच्या कामावर खुशाल बोला. जुन्या झडत्यांनी तर महादेवालाही दोन पैशांसाठी रडायला लावलं आहे!

प्रश्न : म्हाताऱ्या माणसांच्या झडत्या वहीत उतरवतो आहे. याला साहित्य म्हणावं का?
(एक विद्यार्थी, जि. वाशिम)

उत्तर : म्हणावंच. १८७१ साली नागपुरात जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ या विनोदी लेखसंग्रहात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांनाच रूढींचे भक्त केलं. वाचक त्या तिघांना हसतो आणि हसता हसता रूढीलाच हसून बसतो. तुमच्या गावचा झडतीवालाही तेच करतो, फक्त तोंडी.

उतरवताना उच्चार सुधारू नका. ‘आभाय’चं ‘आभाळ’ केलं की ‘माय’शी जुळलेलं यमक तुटतं. प्रत्येक झडतीखाली गाव, अंदाजे साल आणि ती कशावरून झाली ते लिहा. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण कोणत्या धरणावर, कोणत्या निवडणुकीवर टोला होता हे दहा वर्षांत विसरलं जातं आणि मग झडती वाचता येते, पण हसू येत नाही. म्हणणारा कुठे थांबला तिथे उभी रेघ मारा. मोबाईलवर आवाज घेणार असाल तर आधी विचारा, आणि एकट्याला बसवण्यापेक्षा दोन-चार जणांत बसवा. एकाची झडती ऐकली की दुसऱ्याला त्याची आठवते.